मदत हवी आहे: मानववंशशास्त्र की आफ्रिकेचा अभ्यास?

नमस्कार. माझी लेक पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जंजिऱ्याच्या सहलीत मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींबद्दल ऐकलं आणि तिला आफ्रिकेचं वेडच लागलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता कसा झाला, हे जेवतानाही सांगत असते. वहीत मागच्या पानापासून स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतल्या भाषेतले शब्द उतरवतेय: माजी म्हणजे पाणी, रफिकी म्हणजे मित्र.

मानववंशशास्त्र इथे पुणे विद्यापीठातच आहे. आफ्रिकेच्या अभ्यासाचे विभाग मात्र मुंबई आणि दिल्ली विद्यापीठात. आधी इथे पाया पक्का करावा की थेट तिकडे पाठवावं? कुणी शिकलं असेल तर फील्डवर्क आणि नोकरीबद्दल मोकळेपणाने सांगा. घरचे ‘पोट भरेल का?’ विचारतात, पण मला तिची आवड मोडायची नाही. आणि पुण्यात स्वाहिली शिकवणारं कुणी आहे का?