पानओवा जखमेवर लावावा का?
पानओव्याचा पाला वाटून वडिलांच्या पायाच्या मधुमेही जखमेवर लावू का, असं एकांनी विचारलंय. कृपया लावू नका!

आपण भजी करतो त्याच पानओव्याच्या आणि मंडूकपर्णी या औषधी वनस्पतीच्या अर्कांचं मलम तैवानमध्ये निघालंय, हे खरं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३६ रुग्ण होते. १६ आठवड्यांत मलमवाल्यांपैकी सुमारे ६१ टक्के जणांची जखम पूर्ण भरली, नुसत्या ड्रेसिंगवाल्यांपैकी ३५ टक्के. मला हे फार आशादायक वाटतं. पण ते शुद्ध केलेले, मोजून घातलेले अर्क. पाट्यावरच्या पाल्यासोबत माती आणि जंतू जखमेत जातात, आणि पाय बधिर असला तर आत पू झालेलाही कळत नाही. कडा काळ्या पडल्या, वास आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.