वही बंद करा, पण मे आणि जुलैत पुन्हा काढा

वजन उतरवताना खाल्लेलं वहीत लिहिणाऱ्यांना 'तीन महिने कॅलरी मोजल्या की नजरेला अंदाज येतो, मग वही बंद' असं सांगतात, ते भातापुरतं पटतं. वाटी ठरलेली असली की भात चुकत नाही. पण ओल्या खोबऱ्याचा अंदाज मला सहा महिन्यांनीही येत नव्हता. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात. एकदा वाटणाआधी काट्यावर ठेवलं, तर चौघांच्या बांगड्याच्या आमटीत २०० ग्रॅम खोबरं निघालं. म्हणजे माणशी १७५ कॅलरी नुसत्या वाटणाच्या, वर सोलकढी वेगळीच.

शिवाय आपल्या किनाऱ्यावर ऋतूबरोबर ताट बदलतं. मे महिना आंब्या-फणसाचा. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजी मासळी कमी, त्यामुळे भात आणि कुळथाची पिठी वाढते, पावसाने संध्याकाळचं चालणंही सुटतं. म्हणून मी रोजचं मोजणं सोडलंय, पण मे आणि जुलैत एकेक आठवडा वही काढतेच. आणि पाच-सहा किलो उतरले असतील तर रोजच्या कॅलरींचा जुना आकडा धरून बसू नका, हलक्या शरीराला कॅलरी कमी लागतात. माझं वजन मध्येच अडकलं होतं ते यामुळेच. मात्र घास घेताना भीती वाटू लागली, तर तीन महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी मोजणं थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.