तालुक्याच्या न्यायाधीशांच्या पगाराला कायद्याची मर्यादा हवी का?

बिंदुसरा (मूळ मत): भारतीय प्रशासकीय सेवेत नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन 56,100 रुपये असते आणि कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचे 77,840 रुपये. माझ्या वडिलांचा वाटणीचा दावा अकरा वर्षांपासून चालू आहे आणि दर वेळी हाती पडते ती फक्त पुढची तारीख. विधिमंडळाने कायदा करून तालुका व जिल्हा न्यायाधीशांच्या वेतनाची कमाल मर्यादा ठरवावी आणि ती महसूल अधिकाऱ्यांच्या वेतनापेक्षा जास्त असू नये.

सिंदफणा: आपले मत वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी एकवीस वर्षांपासून बीड जिल्ह्यात वकिली करतो. 77,840 हा आकडा कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती रेड्डी यांच्या आयोगाने 2020 मध्ये अहवाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वेतनश्रेणी मान्य केली आणि ती 1 जानेवारी 2016 पासून लागू करायला लावली. त्याआधी न्यायमूर्ती शेट्टी यांचा आयोगही न्यायाधीशांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात लढा दिला म्हणूनच नेमला गेला. राज्यांनी आपणहून काही दिले असते, तर ही वेळ आली नसती.

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात सर्वांत मोठा पक्षकार कोण आहे? शासन. माजलगाव धरणात आमच्या आजोबांची सात एकर जमीन गेली. मोबदला वाढवून मिळावा म्हणून भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खाली अर्ज केला. वाढ मंजूर झाली, त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम, पहिल्या वर्षाला 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज धरले गेले, तरी पैसे काही येईनात. शेवटी दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली आणि वरिष्ठ स्तर न्यायाधीशांनी शासकीय कार्यालयातील जंगम मालमत्तेवर जप्तीचे वॉरंट काढले. त्या दिवशी मी आजोबांचा हात धरून व्हरांड्यात उभा होतो. बेलिफाने चार खुर्च्या आणि एक टेबल बाहेर काढून पंचनामा लिहिला. एका खुर्चीच्या पाठीवर अधिकाऱ्यांचा पांढरा टॉवेल तसाच होता. ज्या न्यायाधीशांनी ते वॉरंट काढले, त्यांचा पगार त्याच शासनाच्या तिजोरीतून निघत होता. त्या पगाराची दोरी पक्षकाराच्या हाती द्यावी, असे आपण म्हणता.

निवृत्त शिरस्तेदार: वकीलसाहेबांनी सांगितले ते खरे आहे, अशा जप्त्या मी अनेक पाहिल्या आहेत. मात्र बेलिफाचे हाल कोणी सांगत नाही. खुर्ची काढायला गेला की कार्यालयातील लोक त्याच्याशी बोलत नाहीत, टेम्पोचे भाडे त्याला खिशातून भरावे लागते आणि संध्याकाळी मुदतवाढ मिळाली की तेच सामान परत लावून द्यावे लागते. रेड्डी आयोगाच्या कक्षेत आम्ही कर्मचारी नव्हतो. बिंदुसरा, तुमच्या वडिलांच्या तारखांचे कारण न्यायाधीशांच्या पगारात शोधू नका. आमच्या न्यायालयात दोन वर्षे स्टेनोची जागा रिकामी होती. साहेब साक्ष स्वतः टंकलिखित करीत आणि बोर्डावरची निम्मी प्रकरणे पुकारण्यापूर्वीच सायंकाळ होई.

बिंदुसरा: मी वेतनाबद्दल विचारले आणि तुम्ही दोघे मला खुर्च्यांच्या जप्तीत गुंतवून बसलात! जमीन आमचीही गेली आहे, त्यामुळे मला शिकवण्याची गरज नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन 2,25,000 रुपये आहे आणि ते संसदेच्या कायद्याने ठरते. केंद्र शासनही औरंगाबाद खंडपीठात रोज पक्षकार असतेच. मग तेथील न्यायाधीश शासनाच्या मुठीत आहेत, असे वकीलसाहेब म्हणणार आहेत का? नसतील, तर तालुक्याचा न्यायाधीश कायद्याला एवढा का घाबरतो?

औशाचा ज्युनिअर: दोघांनाही नम्रपणे विचारतो, या पदावर येणारा मुलगा कोण असतो हे तुम्ही पाहिले आहे का? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. मी लातूरला सीनिअरांकडे महिन्याला पाच हजारांवर काम करतो, खोलीचे भाडे तीन हजार आहे आणि सोयाबीनचा भाव पडला की घरून पैसे येत नाहीत. 77,840 हा आकडा डोळ्यांसमोर आहे म्हणून मी तग धरून आहे. तो कायद्याने कापला, तर ज्यांच्या वडिलांचे स्वतःचे ऑफिस आहे तेवढेच या परीक्षेपर्यंत पोहोचतील.

सिंदफणा: बिंदुसरा, आपला प्रश्न बिनतोड आहे, हे मला मान्य करावे लागेल, कायदा या शब्दालाच मी विरोध केला असेल, तर ते चुकले. पण तो कायदा पूर्ण वाचा. अनुच्छेद 221 नुसार उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे भत्ते, रजा आणि निवृत्तिवेतनाचे हक्क नेमणुकीनंतर त्याच्या तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत, आणि त्याचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते, म्हणजे त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. संविधानाने हे कवच माजलगावच्या किंवा औशाच्या न्यायाधीशाला दिलेले नाही. तेवढे कवच देऊन कायदा करणार असाल, तर पहिली सही माझी. आपण मात्र कवच न देता फक्त कात्री मागता आहात.

निवृत्त शिरस्तेदार: आणि त्या कायद्यात स्टेनोची रिकामी जागा किती दिवसांत भरायची, हेही लिहा.

बिंदुसरा: ठीक आहे. ‘कमाल’ हा शब्द मी मागे घेतो. ‘कायद्याने’ हा मात्र घेणार नाही, कारण दर वेतनासाठी न्यायाधीशांना वीस-वीस वर्षे सर्वोच्च न्यायालयात जावे लागणे हेही काही शोभणारे नाही. ज्युनिअर, तुझ्याबद्दल मनात काही नाही, नेटाने अभ्यास कर. वकीलसाहेब, वडिलांच्या दाव्यात कोर्ट कमिशनरचा मोजणी अहवाल चार वर्षांपासून यायचा आहे आणि पुढची तारीख 18 आहे. दरखास्तीत आपण इतके तरबेज असाल, तर त्या दिवशी आमची फाईल एकदा पाहून द्याल का?

सिंदफणा: अवश्य. 18 ला साडेदहाला बार रूममध्ये या. सातबारा आणि रोजनाम्याची नक्कल सोबत आणा.