दर्शनी भिंतीवरचे साल कितपत मानावे?

प्रश्न : नॉटिंगहॅममधील ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ या पबच्या भिंतीवर ११८९ हे साल रंगवलेले आहे. इंग्लंडमधील अशा जुन्या, विशेषतः लाकडी सांगाड्याच्या पबांचा काळ खात्रीने कसा ठरवतात?

उत्तर : रंगवलेले साल हा पुरावा नव्हे, त्या पबची आजची इमारत बरीच अलीकडची, साधारण सतराव्या शतकातील मानली जाते. भरवशाची पद्धत म्हणजे ओकच्या तुळयांमधील वाढीच्या वलयांची रुंदी मोजून तो क्रम आधीच काळ ठरलेल्या लाकडांतील वलयांच्या क्रमाशी जुळवणे. झाडाच्या सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले ते कळते, आणि त्या काळी सुतार ओक ओला असतानाच घडवत असल्यामुळे बांधकामही लवकरच झाले असे धरता येते.

प्रश्नकर्ता : तो बाहेरचा थर तासलेला असेल तर?

उत्तर : मग नेमके वर्ष मिळत नाही, फक्त काळाचा पट्टा मिळतो.

आणखी एक उत्तर : तुळई दुसऱ्या इमारतीतून आणलेली नाही ना, हे आधी पाहावे. तिच्यावर कशाशीच न जुळणारी रिकामी खाच दिसली, तर माझ्या मते त्या एका नमुन्यावर विसंबू नये. उलट सुतारांनी जोडणीसाठी कोरलेले आकडे सलग असतील आणि वासे काजळीने काळवंडलेले असतील, तर धुराड्याविना उघडी चूल असलेले मूळ मध्ययुगीन दालन टिकून असण्याची शक्यता बळावते.