मदत हवी आहे: ड्युअल क्लच गाडीत डी, एस, एम, इको, स्पोर्ट... कधी काय लावायचं?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं हातानं गिअर टाकायची गाडी चालवत आलो. आता घरात ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आली आहे, टर्बो पेट्रोल, सात गिअरची. डाव्या पायाला सुट्टी मिळाली, पण डोक्याला काम लागलं. या गाडीत मोड नावाची भानगड दोन ठिकाणी आहे आणि त्या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, हे पुस्तिकेत धड सांगितलेलं नाही.

एक ठिकाण म्हणजे गिअरचा दांडा. पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह). डीवरून आणखी मागे ओढला की एस, म्हणजे स्पोर्ट. बाजूला सरकवला की एम, म्हणजे पुढे-मागे ढकलून आपणच गिअर बदलायचे. स्टिअरिंगमागे दोन पॅडलही आहेत. दुसरं ठिकाण डॅशबोर्डवरचं बटण: इको, नॉर्मल, स्पोर्ट आणि वर इंडिव्हिज्युअल. आता इको लावून दांडा एसमध्ये ठेवता येतो का? येतो, मी ठेवून पाहिला. गाडी मुकाट चालते. पण अशा वेळी ती नक्की कोणाचं ऐकत असते?

माझं बहुतेक चालवणं गर्दीतलं. डीमध्ये ब्रेक सोडला की गाडी आपली आपण सरकायला लागते, जरा सरकली की दुसरा पडतो, पुढचा थांबला की पुन्हा पहिला. हे पहिला-दुसरा-पहिला अखंड चालू असतं आणि दरवेळी हलका हिसका बसतो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "ऑटोमॅटिकमध्ये असं होतंच" म्हणून वाटेला लावलं. एक मित्र म्हणतो, प्रत्येक सिग्नलला एन कर, नाहीतर क्लच प्लेटा जातील. दुसरा म्हणतो, एनला हातच लावू नकोस. दोघंही इतक्या खात्रीनं सांगतात की कोणाचं ऐकावं कळत नाही.

दुपदरी रस्त्यावर वेगळाच त्रास. ताशी ८० नं निवांत चाललोय, पुढे ट्रक आहे, समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय दाबला, तर क्षणभर काहीच होत नाही. मग एकदम दोन-तीन गिअर खाली येऊन गाडी उसळते. ओव्हरटेक करताना तो एक क्षण फार लांब वाटतो.

आणि घाट. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन चढताना वळणावर पाय सैल केला की ही वरचा गिअर टाकते, वळण संपलं की दम लागतो, मग पुन्हा खाली. उतारावर तर पाय काढल्यावर वर चढत जाते आणि सगळा भार ब्रेकवर. जुन्या गाडीत अशा जागी दुसरा टाकून निर्धास्त उतरायचो.

तर जाणकारांनी सांगावं, कुठे काय लावता? आणि इकोनं अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं, की नुसतं मनाचं समाधान?

प्रतिसाद

डीमध्ये टाका आणि विसरून जा. ऑटोमॅटिक घ्यायची आणि गिअरचा विचार करत बसायचं, मग मॅन्युअल काय वाईट होती?

प्रतिसाद

वरच्यांचं सपाट, मोकळ्या रस्त्यापुरतं बरोबर आहे. धागाकर्त्यांनी सांगितलेले तिन्ही प्रसंग मात्र नेमके असे आहेत जिथे डी चुकतो, आणि का चुकतो ते कळलं की मोड पाठ करावे लागत नाहीत.

आधी दोन ठिकाणांचा घोळ. दांडा फक्त गिअरबॉक्सशी बोलतो: गिअर कधी चढवायचा, कधी उतरवायचा. डीमध्ये तो लवकरात लवकर वरच्या गिअरला जातो, इंजिन कमी फेऱ्यांवर राहावं म्हणून. एसमध्ये तोच गिअर जास्त वेळ धरून ठेवतो आणि ब्रेक मारताना लवकर खाली येतो. डॅशबोर्डवरचं बटण त्यापेक्षा पसरट काम करतं. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला की किती जोर द्यायचा हे प्रामुख्यानं त्यावर ठरतं, शिवाय स्टिअरिंगचं जडपण, इकोत एसीचा जोर, काही गाड्यांत सस्पेन्शनसुद्धा. बऱ्याच गाड्यांत बटणानं स्पोर्ट लावलं की गिअरबॉक्सही आपोआप एसमध्ये जातो, म्हणून दोन्ही एकच आहेत असं वाटतं. तुमचं इको अधिक एस हे विचित्र वाटलं तरी चालणारं मिश्रण आहे: पेडल मऊ, गिअर मात्र खालचे. इंडिव्हिज्युअलमध्ये हेच आपल्या मनासारखं जुळवून ठेवता येतं. मी तिथे स्टिअरिंग हलकं आणि बाकी सगळं नॉर्मल ठेवलंय.

आता ओव्हरटेकचा तो क्षण. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि बहुधा रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात असताना दुसऱ्या बाजूला चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल म्हणजे फक्त एक क्लच सुटणं आणि दुसरा पकडणं. म्हणून तो इतका झटपट होतो. पण हा सगळा वेग अंदाजावर उभा आहे. पुढचा गिअर कोणता लागणार हे बॉक्सनं आधीच ओळखलेलं असलं पाहिजे. तुम्ही ८० नं सातव्यात निवांत असता, इंजिन जेमतेम दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, बाजूला तयार असलाच तर सहावा. आणि तुम्ही पाय दाबून एकदम तिसरा मागता. तिसरा आणि सातवा एकाच क्लचवर, त्यामुळे थेट अदलाबदल होत नाही, मध्ये सम गिअरचा आधार घ्यावा लागतो. त्यात टर्बोला हवा भरायला लागणारा वेळ मिळवा. झाला तुमचा लांबलचक क्षण.

उपाय सोपा आहे. ट्रकच्या मागे असतानाच, बाहेर पडायच्या आधी, डावं पॅडल दोन-तीनदा ओढा किंवा दांडा एसमध्ये घ्या. गिअर पडेपर्यंत तुम्ही अजून स्वतःच्या लेनमध्येच असता. समोर मोकळं दिसलं की पाय दाबायचा, जोर हजर. ओव्हरटेक झालं की परत डी. पॅडलनं गिअर पाडला तर बहुतेक गाड्या थोड्या वेळानं आपणहून डीवर येतात.

घाटातही मूळ दुखणं तेच. गिअरबॉक्सला तुमचा पाय कळतो, वेग कळतो, बऱ्याच गाड्यांत चढ-उतारही थोडाफार कळतो. पुढे वळण आहे हे त्याला कळत नाही. पाय सैल झाला म्हणजे साहेबांना आता घाई नाही, असं समजून तो वर चढतो. चढावर एस पुरेसा पडतो, वळणात तो गिअर सोडत नाही. उतारावर सरळ एम घ्या आणि दुसरा किंवा तिसरा धरा, जुन्या गाडीत करत होता तसंच. चुकून फार खालचा मागितलात तर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल म्हणून बॉक्स तो नाकारतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

प्रतिसाद

घाटाबद्दल शंभर टक्के सहमत. एक भर: उतारावर गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की आजकालची इंजिनं पेट्रोल जवळपास बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवत असतात. पेट्रोल वाचवायला म्हणून उतारावर एन करणारे लोक उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळतात आणि वर ब्रेक तापवतात. हे मॅन्युअलवाल्यांनाही लागू.

प्रतिसाद

गर्दीबद्दल कोणी बोललंच नाही आणि खरं जपायचं तिथे आहे.

ड्युअल क्लचची कल्पना जुनी आहे. अ‍ॅडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्यानं ती १९३९ च्या सुमारास मांडली, पण ती जोमानं चालली ऐंशीच्या दशकात पोर्शेच्या शर्यतीच्या गाड्यांत. शर्यतीत पुढचा गिअर कोणता हे जवळजवळ नेहमी ठरलेलं असतं आणि क्लच अर्धवट पकडून रांगायची वेळ येत नाही. आपल्या रोजच्या गर्दीत नेमकं उलटं: पुढचा गिअर कोणता याचा पत्ता नाही आणि सगळा वेळ रांगण्यात. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पुढे पोचवणारा भाग, तिथे तेलच घसरतं, झिजत काही नाही. इथे मात्र तुमच्या पूर्वीच्या हाफ क्लचसारखाच खराखुरा क्लच घासत असतो, फक्त दाबणारा पाय तुमचा नाही.

म्हणून गर्दीत मोडपेक्षा पाय महत्त्वाचा. पुढच्याला दोन-तीन गाड्यांचं अंतर जाऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट पुढे जा आणि नीट थांबा. ब्रेकवर अर्धवट पाय ठेवून इंच-इंच सरकणं सगळ्यात वाईट. क्लच पूर्ण पकडत नाही, पूर्ण सुटतही नाही. ब्रेक घट्ट दाबून गाडी उभी असेल तर बहुतेक गाड्यांत क्लच आपोआप सुटलेला असतो, म्हणून छोट्या सिग्नलला एनची गरज नाही. तुमचा दुसरा मित्र बरोबर. थांबा लांबला तर एन आणि हँडब्रेक, पायालाही आराम. चालत्या गाडीत मात्र एन कधीच नाही.

पहिला-दुसरा खेळ फार सतावत असेल तर एम घेऊन पहिल्यातच राहा, किमान तेवढ्या पट्ट्यापुरतं. इंजिनाचा आवाज जास्त येईल, पेट्रोलही किंचित जास्त जाईल, पण हिसके थांबतील. एसनंही काहीसं तेच होतं, पण एसमध्ये पेडल जरा उतावीळ वाटतं, रांगताना मला ते आवडत नाही.

चढावरच्या गर्दीत अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरू नका. ब्रेक किंवा ऑटो होल्ड (थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणारं बटण) वापरा. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय, जेमतेम दोन सेकंद धरतो, त्यावर विसंबून आरसे बघत बसू नका.

प्रतिसाद

गर्दीत एम? मग ऑटोमॅटिक घेऊन केलं काय? अंतर ठेवलं की डीमध्येही दुसरा पडून तिथेच टिकतो, मला तरी कधी गरज वाटली नाही. बाकी मुद्दे पटले.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सम-विषम गिअरचं कोडं सोडवणाऱ्यांचे. पॅडल आधी ओढून ओव्हरटेक करून पाहिलं, गाडी बदलल्यासारखी वाटली. गर्दीत अंतर ठेवणं जरा अवघड जातंय, अंतर दिसलं की कोणीतरी घुसतंच. पण हिसके कमी झाले हे खरं.

दोन शंका उरल्या. ड्राय क्लच आणि वेट क्लच असं काही तरी वाचलं. माझा कोणता हे कसं ओळखायचं, आणि त्यावरून चालवण्यात फरक करायचा का? आणि इकोचं उत्तर कोणीच दिलं नाही!

प्रतिसाद

वेट म्हणजे क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या, उष्णता तेल घेऊन जातं. ड्राय म्हणजे मॅन्युअलसारख्या कोरड्या, हवेवर थंड होणाऱ्या. उदाहरण म्हणून फोक्सवॅगन घ्या: २००३ मध्ये त्यांनी गोल्फ आर३२ मध्ये आणलेला सहा गिअरचा बॉक्स वेट होता, २००८ मध्ये आलेला सात गिअरचा ड्राय, लहान इंजिनांसाठी, २५० न्यूटन मीटरपर्यंत. ड्रायमध्ये तेल ढवळण्यात ताकद वाया जात नाही म्हणून अ‍ॅव्हरेजला बरा, पण रांगण्यात लवकर तापतो. गिअरच्या संख्येवरून मात्र ओळखू नका, सात गिअरचे वेट बॉक्सही आहेत. देखभालीच्या तक्त्यात गिअरबॉक्सचं तेल ठरावीक किलोमीटरला बदला असं असेल तर बहुधा वेट. खात्री करायची तर सर्व्हिस सेंटरला बॉक्सचा कोड विचारा, ते "असं होतंच" म्हणून टाळू शकणार नाहीत. वेट असला तरी गर्दीतली शिस्त तीच, फक्त तो जास्त सोसतो.

इको: सपाट रस्त्यावर एका वेगानं जात असाल तर फरक किरकोळ, कारण डीमध्येही तुम्ही वरच्याच गिअरला असता. फायदा होतो तो थांब-चालू रस्त्यावर, पेडल मऊ झाल्यामुळे पाय आपोआप सौम्य होतो. कंटाळून जास्त दाबलंत तर तो फायदा गेला. काही गाड्या इकोत पाय काढल्यावर क्लच सोडून गाडी मोकळी घरंगळू देतात. सपाटीवर ते छान, घाट उतरताना ते बंद हवं. म्हणून डोंगर दिसला की मी आधी इको काढतो.

आणि गिअरबॉक्स तापल्याची सूचना कधी आलीच, तर बाजूला घ्या, पीमध्ये टाका आणि लगेच इंजिन बंद करू नका. बऱ्याच कंपन्या थंड होईपर्यंत इंजिन चालू ठेवायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत त्या दिव्याचं पान आत्ताच शोधून ठेवा. चढावर पार्क करताना पाय ब्रेकवर ठेवून एन, मग हँडब्रेक, पाय हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, आणि मगच पी. थेट पी टाकून पाय काढला तर सगळं वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतं, आणि सकाळी दांडा काढताना तो खाडकन आवाज येतो.