कोड लिहिताना कानात काय असतं?

पिंपळपान
काल खालच्या मजल्यावर कुणीतरी तानपुरा जुळवत होतं आणि हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीतल्या रात्री आठवल्या. रिलीजच्या आधी मजला रिकामा, एसीची घरघर आणि कानात हरिप्रसाद चौरसियांची बासरी. संथ आलाप संपून लयीतला जोड कधी सुरू झाला ते कळायचं नाही, इतका कोडमध्ये बुडालेला असायचो. मराठी गाणं लावलं की मात्र हात थांबायचा. ओळ मनात म्हटली जायची आणि फंक्शन काय परत देणार होतं तेच निसटायचं. आजही तसंच. नवा कोड असेल तर वाद्य, टेस्ट लिहायच्या असतील तर जुनी गाणी, बग शोधताना बासरीसुद्धा नको. तुमचं कसं? सविस्तर लिहा.

खडीसाखर
सेम! कुकरची शिट्टी व्हायचीय, तेवढ्यात लिहितेय. मी तमिळ गाणी लावते. एक शब्द कळत नाही, त्यामुळे त्रासच नाही.

सह्यवेडा
खडीसाखर, न कळणारी भाषाही त्रास देते हो. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या संशोधकांनी इंग्रजी भाषकांना अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन वाचन लावलं, तरी चुका वाढल्या. आपण अक्षरं मनात घोकत असतो, त्यात बोलण्याचा आवाज लुडबुड करतो, अर्थ कळो न कळो. मी म्हणून अर्थ नसलेल्या बोलांचा तराणाही टाळतो. संतूर चालतं.

खडीसाखर
पण ते बोलणं होतं, माझं गाणं आहे :) पाठ झालेल्या गाण्याकडे लक्षच जात नाही. नवीन असलं तर जातं, हे खरं.

ओसरी
पाठ झालेलं, अगदी! माझा किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, एकेक अक्षर इतकं पसरतं की शब्द म्हणून ऐकूच येत नाही, काम छान चालतं. द्रुत, म्हणजे जलद बंदिश, सुरू झाली की कीबोर्ड बाजूला. ती ऐकायचीच असते.

भुईनळा
मोझार्ट लावा, डोकं चालतं, असं आमच्याकडे एक साहेब सगळ्यांना सांगायचे. ज्यावरून हे पसरलं तो १९९३ चा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला प्रयोग आकृत्यांच्या कोड्यांपुरता होता आणि परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला होता. मी हेडफोन घालतो ते शेजारच्यांचे कॉल ऐकू येऊ नयेत म्हणून. बऱ्याचदा आत काहीच वाजत नसतं.

ओसरी
भुईनळा +१. आमच्याकडे हेडफोन घातलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही, चॅटवर विचारतात. फार चांगली पद्धत आहे.

माजघर
विषय सोडून लिहितेय, पण कान सांभाळा रे. माझ्या भावाच्या कानात सतत शिट्टी वाजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल जेमतेम ४ तास. गोंगाटात आवाज वाढवत नेऊ नका.

पिंपळपान
अरेरे. मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय ना? विषयांतर अजिबात नाही, लिहा.

खडीसाखर
माजघर, भावाला झोप लागते का? माझ्या बाबांना तोच त्रास आहे. पंखा सुरू असला की बरं वाटतं त्यांना.

माजघर
हो, पंखा थंडीतही लागतो. दाखवलंय. दिवसा तो पावसाचा आवाज बारीक लावून बसतो. त्याचं काम हिशोबाचं, कोडचं नाही, पण आकडे त्यात नीट लागतात म्हणतो.