विद्यापीठाच्या ग्रंथालयात शाळकरी मुलांना कोडिंग शिकवावं का?

चुनाभट्टीकर:
विद्यापीठाच्या ग्रंथालयाने शनिवारी दुपारी एक खोली आजूबाजूच्या पालिका शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी उघडावी, असं मला मनापासून वाटतं. समजा, मुंबई विद्यापीठाचं कालिना संकुल. एका अंगाला वाकोला, दुसरीकडे कुर्ला. मुलं कुंपणाबाहेरून जातात-येतात, आत पाऊल टाकायचं कारणच त्यांना मिळत नाही.

कोडिंग म्हणजे महागडे क्लास नव्हेत. मी म्हणतेय ते चित्र काढण्यासाठी, गोष्ट हलती करण्यासाठी लागणारं कोडिंग. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली आणलेलं स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर हलवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं.

मे महिन्यात चाळीतल्या पाच मुलांना घेऊन बसले होते. समभुज त्रिकोण काढा म्हटलं. सगळ्यांनी 'पुढे जा, ६० अंश वळ' हे तीनदा करायला सांगितलं, कारण पुस्तकात कोन ६०चा आहे. त्रिकोण मिटेचना, अर्धा षटकोन उमटला. बराच वेळ कुणालाच कळेना. मग एक मुलगी उठली, फरशीवर स्वतः चालून बघितलं आणि ओरडली, "ताई, आपण वळतो तो बाहेरचा कोन!" १२० घातले, त्रिकोण मिटला. तासाभरात ती तोच त्रिकोण दर वेळी ३० अंश फिरवून बारा वेळा काढत होती. पडद्यावर रांगोळी!

ग्रंथालयच का? तिथे संगणक आहेत, ग्रंथपाल आहेत, विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकणारी मुलं आहेत. आणि त्या मुलीला त्रिकोणांवरून वारली चित्रं आठवली, तर पुस्तकाचं कपाट जवळच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या ग्रंथालयांसाठीच्या पाच नियमांतला शेवटचा हेच सांगतो, ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे.

लोकल_८_०५:
माझा विरोध आहे. रंगनाथनांचाच चौथा नियमही वाचा: वाचकाचा वेळ वाचवा.

डोंबिवलीत एका खोलीत पाच जण राहत असताना मी एम.ए. केलं. घरी टेबल नव्हतं. ज्या ग्रंथालयात बसायचो, तिथे परीक्षेच्या दिवसांत दार उघडण्याआधी रांग लागायची. नोकरी करून शिकणाऱ्याला शनिवार हाच काय तो एक दिवस मिळतो, आणि तोच तुम्ही तीस मुलांना देताय. मुलं गलका करणारच, त्यांनी करावाही. पण शेजारी कुणाचा तरी प्रबंध अडकलेला असतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आहे. म्हणजे काम शाळेचं. शाळेतला संगणक कक्ष कुलूपबंद असेल तर ते कुलूप काढायला लावा. विद्यापीठाने भार उचलला की शाळेला कुणी जाब विचारणार नाही.

खडूफळा:
कुलूप काढलं, पुढे? आत शिकवणार कोण? मी पालिकेच्या शाळेत सातवीला गणित शिकवतो आणि मला स्वतःला स्क्रॅच येत नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

चुनाभट्टीकर, तुमच्याही प्रस्तावाची मला धास्ती वाटते. आमच्याकडे एका संस्थेचा असाच उपक्रम आला होता. उद्घाटन झालं, टोप्या वाटल्या, फोटो निघाले. तिसऱ्या आठवड्यानंतर कुणी फिरकलं नाही. पुढे दोन महिने मुलं विचारत होती, "सर, ते दादा कधी येणार?" उत्तर मला द्यावं लागायचं. मुलांना आशा लावायची असेल तर वर्षभराचं वेळापत्रक आधी हातात द्या.

आणखी एक. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. आमच्या इमारतीत खाली मराठी, वर उर्दू. शिकवायला येणाऱ्या विद्यार्थ्याला मुलाशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे, नाहीतर मूल नुसती मान हलवतं आणि घरी जातं.

शेल्फवरची_धूळ:
आधी गोष्टीची पुस्तकं तरी पोचू देत. वाचता न येणाऱ्या मुलाला ठोकळ्यावरची सूचना कशी कळणार?

चुनाभट्टीकर:
माझ्या पाचांतला एक अडखळतच वाचतो. 'वळ' हा शब्द मात्र त्याने आपणहून वाचला, कारण तो वाचल्याशिवाय त्याचं मांजर वळत नव्हतं. म्हणून पुस्तकं नकोत असं मी म्हणणार नाही, दोन्ही हवीत.

लोकल_८_०५, तुमचं टेबलाचं म्हणणं मनाला लागलं. वाचनकक्षाला हात लावायचा नाही, परीक्षेचे महिने वगळायचे, हे मान्य. पण सगळं शाळेतच करा, हे नाही पटत. त्या मुलीने एकदा तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारातून आत जावं आणि आपलं नाव नोंदवहीत लिहावं. त्या दारावर तिचाही हक्क आहे.

लोकल_८_०५:
हक्क आहेच, तो मी नाकारत नाही. वाचनकक्ष सोडून कुठली खोली, ते आधी लेखी ठरू द्या. तोवर विरोध कायम.

खडूफळा:
खोली ठरली की पहिले चार शनिवार मुलांना आणू नका. आधी आम्हा शिक्षकांना बोलवा, मी येतो. आणि खोली बघताना मधे मोकळी फरशी असलेली बघा. त्रिकोण चालून बघायला जागा लागेल.